तायडे सरांचे ओटे

तायडे सर आमच्या धुळ्याच्या ऑफिसात यायचे ते बरोबर ऑफिस सुटायच्या वेळेला. शिपायाने खिडक्या लावायला घेतल्या, मी डबा पिशवीत टाकला, की दारात हे उभे. "देसले भाऊ, निघालात का?" असं विचारून स्वतः खुर्ची ओढून बसायचे. मी सांख्यिकीतला माणूस. दिवसभर तक्ते जुळवून डोळे शिणलेले, घरी जायची घाई, आणि हा माणूस निवांत विचारायचा, "मग आज काय राहिलं?" काय झालं असं कधी विचारायचे नाहीत. विद्यापीठातल्या लोकांना घड्याळाशी देणंघेणं नसतं, असं मी मनात म्हणायचो आणि चहा सांगायचो.

हे सगळं मुद्दाम चालतं हे मला दोनेक वर्षांनी कळलं. सकाळी ऑफिसात जो तो केलेल्या कामाबद्दल बोलतो, संध्याकाळी दमलेला माणूस न झालेल्या कामाबद्दल खरं बोलतो, असा त्यांचा हिशेब होता. आठवडी बाजारातही ते दुपार कलल्यावरच जायचे. "भरताना बाजार सगळेच बघतात, देसले भाऊ. उठताना बघावा. कोणाच्या टोपलीत काय परत गेलं ते दिसतं." बायका उरलेला माल बांधायला लागल्या की हे कडेला बसून बघत राहायचे. मला वाटायचं, यात बघण्यासारखं काय आहे? माल उरला, घरी गेला, संपलं.

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात ते वाढले. वडील गँगमन होते. वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत बसून शिकले, अर्थशास्त्राचे डॉक्टर झाले, मग परदेशात दोन वर्षं शिकवून परत आले. का परत आलात, असं मी एकदा विचारलं. "तिथे बाजार उठला की सगळं गाडीच्या डिकीत जातं हो. काही दिसतच नाही," ते म्हणाले. त्यांच्या विषयाचं नाव मोठं होतं, स्थानिक समुदायांचा आर्थिक विकास आणि सार्वजनिक धोरण. पण बसमध्ये कोणी विचारलं तर सांगायचे, "कोण काय उचलून नेतो आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे शिकवतो." 

उंच, खांद्यात थोडे वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि काखेत घडी घातलेलं बारदान. बाजारात, पाड्यावर, एसटी स्टँडवर, कुठेही ते अंथरून बसायचे. एकदा आमच्या नव्या शिपायाने ते दाराशी पडलेलं बघितलं आणि पायपुसणं समजून दिवसभर वापरलं. सरांनी ते उचललं. नळावर नेऊन धुतलं, गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातलं आणि ते वाळेपर्यंत माझ्यासमोर बसून राहिले. माझ्या दोन बस गेल्या. शिपाई बिचारा तिसऱ्यांदा चहा घेऊन आला तेव्हा सर त्याला म्हणाले, "कोणती वस्तू कशाची आहे हे बघून कळत नाही, बाबा. विचारावं लागतं." तो पोरगा पुढे सरांचा भक्तच झाला. मी मात्र घरी उशिरा पोचल्याबद्दल बोलणी खाल्ली.

फोन उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं, "तायडे बोलतोय, भुसावळचा." कुलगुरूंचा फोन असो की घरून बाईंचा. बाई वैतागून म्हणायच्या, "मला माहीत आहे तुम्ही कुठले आहात ते, येताना लिंबं आणा."

'लाभार्थी' या शब्दाशी त्यांचं जुनं वैर. सल्ल्यासाठी पाठवलेल्या आमच्या मसुद्यात तो दिसला की त्यावर काट मारून विचारायचे, "नाव काय त्या बाईचं?" आता सरकारी मसुद्यात नावं कुठून आणायची? आमचे मोठे साहेब चिडायचे. मीही चिडायचो, कारण मसुदा पुन्हा मलाच टाइप करायला लागायचा.

त्यांच्या हाताखाली शिकणं म्हणजे सोपं काम नव्हतं. जळगावची एक हुशार मुलगी मोहफुलं आणि चारोळीच्या व्यापारावर प्रबंध लिहीत होती. वाहतुकीच्या अडचणींवर तिने चांगलं जाडजूड प्रकरण लिहून आणलं. सरांनी पानं चाळली आणि विचारलं, "ओझं डोक्यावरून खाली पहिल्यांदा कुठे उतरतं?"  पुढच्या आठवड्यात ती साक्रीकडच्या एका पाड्यावरून बायकांबरोबर टोपली डोक्यावर घेऊन बाजारापर्यंतची वाट चालली. परत आली आणि ते प्रकरण तिने चार पानांचं केलं. सर म्हणाले, "आता वाचावंसं वाटतं." ती आज स्वतः प्राध्यापक आहे. सरांच्या निवृत्तीच्या सत्कारात तिने भाषण सुरू केलं तेच, "सर, मान अजून दुखते."

नरडाण्याची गोष्ट मला जास्त आवडते. तिथल्या औद्योगिक वसाहतीत आसपासच्या गावांतल्या मुली कामाला लागाव्यात म्हणून बऱ्याच बैठका झाल्या होत्या. प्रशिक्षण झालं, मुली पास झाल्या, कामाला लागल्या आणि महिन्या-दोन महिन्यांत घरी बसल्या. आमच्या अहवालात कारण लिहिलं होतं, 'मानसिकतेचा अभाव'. वाक्य माझंच. सर भुसावळहून रेल्वेने नरडाण्याला उतरले आणि कारखान्यांच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर तीन दिवस पाळी सुटताना बसले. चौथ्या दिवशी माझ्यासमोर. "देसले भाऊ, मानसिकता सापडली. एसटीची आहे." पाळी सुटायच्या आधी दहा मिनिटं शेवटची बस निघून जायची. पुढे त्या मुली अंधारात चालत जायच्या, आणि मग बाप म्हणायचा, बस झालं.

डेपोत चार चकरा मारून सरांनी ती बस वीस मिनिटं उशिरा करून घेतली. मुली परत कामाला लागल्या. त्यांच्या एवढ्या ग्रंथांपैकी सगळ्यात उपयोगी लिखाण कोणतं, असं एका पत्रकाराने विचारलं होतं, तर म्हणाले, "डेपो मॅनेजरला लिहिलेला अर्ज. अर्ध्या पानाचा आहे."

असा माणूस. पण या माणसाची एक मोठी चूक होती, आणि ती पत्र्याची आणि सिमेंटची होती.

साक्री तालुक्यात एक बाजाराचं गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं वाचतील आणि मला फोन करून हसतील. तरुणपणी सरांनी तिथल्या बाजाराचा अभ्यास केला होता. पाड्यांवरच्या बायका धुळीत, उन्हात, रस्त्याच्या कडेला बसतात, त्यांना सावली आणि उंच ओटे हवेत, धान्य, भाजी, वनोपज असे वेगवेगळे विभाग हवेत, असा त्यांचा अहवाल. अहवाल खूप गाजला. त्यावरून सरकारने खरोखर शेड बांधली. ओट्यांवर आकडे रंगवले, विभागांच्या पाट्या लावल्या. उद्घाटनाच्या दिवशी बायका ओट्यांवर बसल्या. पुढच्या बाजाराला परत रस्त्यावर.

त्या शेडमध्ये काय नाही पाहिलं मी! कडबा पाहिला, शेळ्या पाहिल्या, कोणाचं तरी मळणीयंत्र पाहिलं, एकदा तर लग्नाची पंगत पाहिली. फक्त बाजार पाहिला नाही. आणि सर दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जायचे. शेळ्यांच्या मध्ये उभे राहून म्हणायचे, "हे माझं पहिलं पुस्तक. नीट वाचा. का फसलं ते मला अजून कळलेलं नाही." ओटे उंच झाले का, पत्रा तापतो का, शेड स्टँडपासून लांब पडली का, सगळे तर्क त्यांचे लिहून झाले होते. एकही त्यांना पटत नव्हता.

इथे मी माझंही सांगून टाकलं पाहिजे. सरकारी इमारतींच्या पाहणीत त्या शेडचा कागद माझ्याकडे आला होता. मी गेलो त्या दिवशी आत कडबा रचलेला होता आणि बाहेर पंगतीची पातेली. मी लिहिलं, 'इमारत वापरात आहे.' वापरात होतीच की! सरांना मात्र हे सांगायची हिंमत मला कधी झाली नाही.

सरांच्या निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना मी त्यांच्याबरोबर त्या बाजाराला गेलो. दुपार कलली होती. रस्त्याच्या कडेला बायकांची रांग, मध्ये एक रिकामी जागा. सरांनी तिथे बारदान अंथरलं आणि बसले. शेजारी सुकरीबाई नावाची बाजरी विकणारी बाई होती, पन्नाशीची, आवाज खणखणीत.

"भाऊ, उठा आठून. हाई मोगीनी जागा शे."

सर उठले. "मोगीबाई कुठे गेल्या?"

"ती आज नही उनी. पोरीनं बाळंतपन शे."

"मग जागा रिकामीच आहे ना?"

"रिकामी कशी? मोगीनी शे ना!" सुकरीबाईला या शिकलेल्या माणसाची कीव आली असावी. तिने हात लांब करून रांग दाखवली. "ह्या बठ्ठया आम्हना पाडान्या. त्या तथान्या खालना पाडान्या. आम्ही बरोबर येतस, बरोबर बसतस, बरोबर घर जातस."

सरांचा आवाज एकदम खाली आला. "म्हणून तुम्ही त्या ओट्यांवर बसत नाही?"

"तठे कसं बसवानं? मी बाजरी इकस, मोगी मोहू इकस, हाई भाजी इकस. तठे आम्ही तीन बाजूले तिघी. मी दवाखानाम्हा गई ते मना माल कोन दखी?"

 सर म्हणाले, "अक्का, इतकी वर्षं मी इथे येतोय. हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही कव्हय इचारं? तुम्ही ते टोपलीम्हा दखतस."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं, कारण सरांचा चेहरा बघवत नव्हता. आम्ही परतीची बस धरली. साक्री सुटल्यावर सर म्हणाले, "माल बघितला मी. बाया बघितल्याच नाहीत." मला त्यांचं फार वाईट वाटलं. मी त्यांना शेंगदाणे दिले.

नशीब असं की त्याच वर्षी त्या जुन्या अहवालाला पुन्हा दिवस आले. जिल्ह्यात प्रत्येक तालुक्याला एक अशी बाजार-शेड बांधायची योजना तयार झाली. आकड्यांचे ओटे, मालाप्रमाणे विभाग, सगळं तेच. आधार म्हणून तायडे सरांचा अहवाल जोडलेला, आणि सल्लागार समितीचे प्रमुख खुद्द तायडे सर. निवृत्तीनंतरचं मानाचं पद, गाडी, खोली. त्यांच्या घरी सगळे खूश होते. आणि या योजनेत पहिलं काम सुकरीबाईच्या बाजाराचं होतं. रस्ता रुंद होणार होता, त्यामुळे बायकांना रस्त्यावरून उठवून कायमचं ओट्यांवर बसवायचं होतं. यावेळी रस्त्यावर परत यायची सोयच राहणार नव्हती.

मंजुरीच्या बैठकीत मी भिंतीकडच्या खुर्चीवर फायली घेऊन बसलो होतो. नकाशे दाखवून झाले. मोठ्या साहेबांनी सरांना चार शब्द बोलायची विनंती केली. सर उभे राहिले.

"ज्या अहवालावर हे सगळं उभं आहे तो मी लिहिला. तो चुकीचा आहे. हे बांधू नका," ते म्हणाले.

 मग सरांनी सुकरीबाईने सांगितलेलं सगळं सांगितलं, तिच्या नावासकट, मोगीबाईच्या जागेसकट. एक अधिकारी चिडून म्हणाले, "पण सर, पाहणीत तर ती शेड वापरात असल्याचं आहे!" त्यांनी कागद उचलून दाखवला. खाली माझी सही. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.  मी खुर्चीचा हात धरून उठायला लागलो. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातानेच खाली बस म्हणून खूण केली.

"पाहणी करणाऱ्याला विचारलं गेलं, वापरात आहे का. त्याने उत्तर दिलं. चुकलाय तो माझा अहवाल. त्याचं खापर माझ्यावर फोडा," ते म्हणाले.

जिन्यात मी त्यांना गाठलं.  "सर, तुम्ही मला वाचवलंत."

"तुम्हाला नाही, देसले भाऊ. तुम्ही उठला असता तर पुढचा तासभर तुमची चर्चा झाली असती. बाया राहिल्या असत्या बाजूला." मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कागद तेवढा दुरुस्त करा."

मी दुरुस्त केला. मला खुलासा मागितला गेला, तो दिला, एक ताकीद मिळाली. ती अजून जपून ठेवली आहे. समिती नव्याने नेमली गेली आणि तीत सर नव्हते. गाडी गेली, खोली गेली. काही सहकारी म्हणाले, म्हातारपणी स्वतःच्याच नावावर पाणी सोडलं या माणसाने. पण योजना थांबली. नव्या समितीने पुष्कळ कुरबुरी करून एवढं कबूल केलं की सुकरीबाईच्या बाजाराला मोकळं मैदान द्यायचं, झाडं, नळ, संडास आणि फाटक बांधायचं, आणि कोणी कुठे बसायचं हे बायकांनी ठरवायचं. हे ऐकल्यावर सर मला फोनवर म्हणाले, "तायडे बोलतोय, भुसावळचा," आणि पुन्हा तेच म्हणाले.

सर मागच्या उन्हाळ्यात गेले. त्याआधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या मैदानावर, नव्या जागेतल्या पहिल्या बाजाराच्या दिवशी. आयुष्यात पहिल्यांदा ते बाजाराला सकाळी आले होते. गुडघ्याने त्रास दिला होता, हातात काठी होती. पाड्यापाड्यावरून बायका टोपल्या घेऊन येत होत्या आणि फाटकाशी त्यांचा मोठा वाद चालला होता. चुन्याची पिशवी घेऊन एक तरुण इंजिनिअर रांगा आखायला थांबला होता. तो कंटाळून सरांकडे आला. "सर, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील. पाड्याप्रमाणे रांगा, तुम्हीच तर म्हणाला होता."

"मला नका विचारू," असं म्हणून सर चहाच्या टपरीवर जाऊन बसले, तेही मैदानाकडे पाठ करून. समोर बसलो तर त्या माझ्या तोंडाकडे बघतील, म्हणाले. पण जीव तिकडेच. दर दोन मिनिटांनी मला विचारायचे, "काय चाललंय?"

"भांडतायत, सर."

"कोण कोण?"

"सगळ्याच."

"चांगलंय, चांगलंय," म्हणायचे आणि कप नुसता फिरवत राहायचे. मला त्यांची दया आली. एवढं सगळं ज्याच्यासाठी गमावलं ते पाठीमागे पन्नास पावलांवर चाललं होतं, आणि हा माणूस टपरीच्या बरण्यांकडे बघत बसला होता.

बऱ्याच वेळाने आवाज कमी झाला. सुकरीबाई पदराने घाम पुसत आली आणि सरांसमोर उभी राहिली.

"भाऊ, ठरनं आम्हनं."

"काय ठरलं अक्का?"

"ज्या म्हाताऱ्या शेतस त्या बठ्ठया फाटकजोडे बसतीन, कोन्हाबी पाडान्या ऱ्हावोत. तान्हा पोरंवाल्या नळजोडे. बाकीन्या पाडापाडान्या."

म्हाताऱ्या फाटकाजवळ, लेकुरवाळ्या नळाजवळ! सर क्षणभर गोंधळले. "म्हणजे... सगळं पाड्याप्रमाणे नाही?"

"बठ्ठं पाडाप्रमाने कसं चालीन? म्हाताऱ्यासले लांब चालानं पडस ना! तो रस्ता व्हता, हाई मैदान शे. तुमले कोनी सांगं बठ्ठं पाडाप्रमाने?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं.  मग ते हसायला लागले. इतके हसले की चहा शर्टावर सांडला. सत्काराच्या दिवशी, हारतुऱ्यांत, मी त्यांना एवढं आनंदात पाहिलं नव्हतं.

"देसले भाऊ, पुन्हा चुकलो!" ते म्हणाले. "पुन्हा चुकलो हो!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि माझ्याही, म्हणून मी टपरीवाल्याकडे बघायला लागलो. सुकरीबाईला या दोन म्हाताऱ्यांचं काय चाललंय ते कळेना.

"चाला ना भाऊ, दखाले चाला," ती म्हणाली. "ऊन व्हई राहिनं."

सर काठी टेकत उठले आणि तिच्या मागोमाग मैदानाकडे चालायला लागले.